जगाच्या सरकारला मिस्त्रींचं होय

मिस्त्री आमदार झाले त्याला कारण दोन मोठ्या माणसांचं भांडण. गावातल्या दोन पुढाऱ्यांना पक्षाची उमेदवारी हवी होती, आणि एकाला ती मिळाली असती तर दुसऱ्याने पक्षाचं घर उन्हात बांधलं असतं. तेव्हा दोघांनाही खपेल असा माणूस शोधायला वरची मंडळी निघाली आणि त्यांची नजर पडली नळवाल्या मिस्त्रींवर. दोघांच्याही घरचे नळ त्यांनीच बसवलेले, दोघांच्याही बायका त्यांना नावाजायच्या, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या तोंडून कोणाबद्दल वाकडा शब्द निघालेला कोणी ऐकला नव्हता. एवढ्या भांडवलावर माणूस आमदार होतो हे मिस्त्रींना स्वतःलाही बरेच दिवस खरं वाटलं नाही.

निवडून मात्र त्यांना ताईने आणलं. ताई म्हणजे थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. भावाच्याच घरात पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून गावातल्या अर्ध्या बायांचे कपडे शिवले, आणि मापं घेता घेता कोणाच्या घरात काय दुखतंखुपतं ते सगळं तिच्याकडे जमा होत गेलं. प्रचाराला ती पुढे आणि मिस्त्री मागे. दार उघडलं की ताई बोलायची; मिस्त्री तोवर आत शिरून नळ गळतोय का ते बघायचे. दोन मिनिटांत वॉशर बदलून बाहेर आले की ताईचं भाषणही आटोपलेलं असायचं. अशा पद्धतीने ते दोनदा निवडून आले आणि विरोधकांना दोन्ही वेळा नक्की कशामुळे हरलो ते कळलं नाही.

ताईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. गावच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळा विभाग नव्हता. अडलेली बाई भाड्याच्या गाडीत घालून मोठ्या शहरात न्यायची, आणि रस्त्यात काय झालं तर आपलं नशीब म्हणायचं. ताईच्या मैत्रिणीचं तसंच रस्त्यात झालं होतं. ते पोर वाचलं, मैत्रीण वाचली नाही. भाऊ आमदार झाला तेव्हापासून ताई त्या विभागामागे हात धुऊन लागली होती. दुसऱ्या खेपेला कागद मंजुरीपर्यंत आले. पाया खणायचा तो पुढच्या खेपेला, म्हणजे आमदारकी हातात राहिली तर.

सभागृहात मिस्त्रींच्या कामी आला तो त्यांचा आवाज. सहाव्या मजल्याच्या गच्चीवरून तळमजल्यावरच्या माणसाला ‘कॉक उघड’ म्हणून सांगण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे घसा असा तयार झालेला की ध्वनिक्षेपकाची गरजच नाही. हे प्रतोदांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांनी कधी होय म्हणायचं आणि कधी नाही, याची काळजी वाहणारा माणूस. त्यांनी मिस्त्रींना आपल्याला दिसेल अशा जागी बसवलं. अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं की प्रतोद उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचे, मिस्त्री होय म्हणायचे, आणि मग सगळे बाक त्यांच्यामागून होय म्हणायचे. विधेयक कशाचं आहे ते मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. विरोधकांनी त्यांचं नाव होयबा ठेवलं. मिस्त्रींना त्याचा राग नव्हता, कारण ते होतेच तसे.

आता ज्या शुक्रवारची ही गोष्ट, त्या शुक्रवारी दुपारनंतर खासगी ठराव होते. सरकारचं काम संपलं की आठवड्याच्या शेवटी साध्या आमदारांना आपापला ठराव मांडायची मुभा असते. त्याची एक रीतच पडून गेली आहे. आमदार ठराव मांडतो, दोघे-तिघे बोलतात, मग मंत्री उठून ‘सरकार यावर सहानुभूतीने विचार करेल’ असं म्हणतात. आमदार आभार मानून ठराव मागे घेतो आणि सगळे घरी जातात. असा ठराव मताला कधी जात नाही, आणि जाऊ नये अशीच ती व्यवस्था असते.

त्या दिवशी ठराव होता भूगोलबाईंचा. शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, कुठल्याच पक्षात नसलेल्या आणि नुकत्याच पोटनिवडणुकीत आलेल्या. त्यांनी ठराव मांडला की जगातल्या सगळ्या लोकांनी मतं देऊन निवडलेलं एक संघराज्य सरकार असावं, या कल्पनेला हे सभागृह पाठिंबा देत आहे. बाई बोलल्या ते चांगलं बोलल्या असणार. ऐकत कोणी नव्हतं. विरोधक चहाला गेले होते. उत्तर द्यायचं त्या मंत्र्यांची दाढ ठणकत होती म्हणून ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बाई बोलून खाली बसल्या आणि सहानुभूतीने विचार करणारं कोणी उठलंच नाही. त्यामुळे ठराव मागे घ्यायचा प्रसंगच आला नाही. अध्यक्षांनी दिवसभर विधेयकं मताला टाकली होती, त्याच नादात त्यांनी हाही टाकला. नेमक्या त्याच क्षणी प्रतोदांचा हात वर गेला.

मिस्त्रींची डुलकी अर्धवट झालेली. हात दिसला आणि त्यांनी छतापर्यंत जाईल असं होय म्हटलं. मागून सगळे बाक होय म्हणाले. नाही म्हणायला कोणी जागेवर नव्हतं. ठराव संमत झाला, घंटा वाजली, लोकांनी पिशव्या उचलल्या.

“मिस्त्री, अहो काय करून बसलात?” जिन्यात गाठून प्रतोदांनी विचारलं.

“तुम्ही हात वर केलात, साहेब.”

“मी ड्रायव्हरला खूण केली हो. तो दारात उभा होता, गाडी काढ म्हटलं त्याला.”

प्रतोदांचा चेहरा पांढरा पडला होता. चूक जितकी मिस्त्रींची तितकीच आपली, हे त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पोटभर हसून घेतलं. गल्लीतले दिवे लागत नाहीत आणि निघाले जग चालवायला, असं एकाने लिहिलं. देशाच्या राजधानीतून पक्षाच्या श्रेष्ठींचा फोन आला आणि प्रतोदांना तो उभ्याने ऐकावा लागला. परराष्ट्राचा विषय देशाचा, त्यात प्रांताने नाक खुपसायचं कारण काय? उलट परदेशातून मात्र अभिनंदनाच्या तारांसारख्या ओळी येत होत्या, कुठल्या कुठल्या प्रांतांतल्या आमदारांच्या, ज्यांची नावं वाचताना टपालाच्या कारकुनाची जीभ वळत नव्हती.

मिस्त्री शनिवारी गावी आले आणि दाढी करायला गेले. सलूनवाल्याने फेस लावून वस्तरा हातात घेतला आणि म्हणाला, “काय मिस्त्री, जगाचं सरकार करताय म्हणे.”

तोंडाला फेस असल्यामुळे मिस्त्री गप्प राहिले.

“नाही, चांगलंच आहे. फक्त एक विचारू का? त्यात आपल्यासारखा माणूस असणार का कोणी? की सगळी मोठी मोठीच मंडळी?” वस्तरा गळ्याशी आला. “आणि आपल्या नदीचं बघतील का ते?”

नदीचं दुखणं जुनं होतं. ती उगम पावायची शेजारच्या देशात. त्यांनी वर दरवाजे बंद केले की गावाच्या नळाला गुळण्या करण्याइतकंही पाणी येत नसे, आणि न सांगता उघडले की खालच्या आळीत होड्या लागत. गावाने अर्ज करायचा प्रांताला, प्रांताने पाठवायचा देशाला, देशाने त्या देशाला. गेलेला अर्ज परत कधी दिसला नव्हता. सलूनवाल्याने विचारलं ते मिस्त्रींना पटलं आणि उत्तर देता येईना याची लाज वाटली. इतकी वर्षं आपण होय म्हणत आलो, पण नक्की कशाला, असं त्यांच्या मनात त्या खुर्चीवर पहिल्यांदा आलं. वाटलं होतं, दाढी झाल्यावर जाईल. पण गेलं नाही.

सोमवारी ते आमदार निवासात भूगोलबाईंच्या खोलीवर गेले. बाईंच्या बेसिनचा नळ ठिबकत होता आणि त्याला फडकं गुंडाळलेलं होतं. मिस्त्रींनी नमस्कारही पुरता केला नाही, ते सरळ बेसिनखाली शिरले.

“बाई, तो ठराव काय आहे?” खालूनच त्यांनी विचारलं.

“तुम्ही होय म्हणालात ना त्याला?”

“म्हणूनच विचारतोय.”

बाई आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बेसिनजवळ बसल्या. समोर विद्यार्थी दिसला नाही तरी शिकवता येतं, ही सवय त्यांना होती. “हे बघा, गावाचं गाव बघतं, प्रांताचं प्रांत बघतो, देशाचं देश. बरोबर? पण समुद्र कोणाचा? हवा कोणाची? साथ आली तर ती कुठल्या देशाची धरायची? लढाई लागली तर थांबवायची कोणी? तिथे सरकारांनी पाठवलेल्या माणसांच्या बैठका होतात. लोकांनी निवडून दिलेलं तिथे कोणी नाही. तर एवढ्याच कामांपुरतं, लोकांच्या मतांवर चालणारं एक सरकार असावं. बाकीचं ज्याचं त्याच्याकडे.”

“म्हणजे आमच्या नळाला ते हात लावणार नाही.”

“नळाला नाही. नदीला कदाचित लावेल. दोन देशांतून वाहते ना ती.”

मिस्त्री थोडे बाहेर सरकले. “मतं कशी, डोकी मोजून? मग मोठे देश आपल्याला पाणी न पिता गिळतील.”

“म्हणून कोणी म्हणतं, लहान देशांच्या मतांना थोडं जास्त वजन द्या. कोणी म्हणतं, दोन सभागृहं ठेवा, एक माणसांचं आणि एक देशांचं.”

“आणि जो देश ऐकणारच नाही?”

“त्यावर भांडण आहे.”

“फौज कोणाकडे?”

“त्यावरही.”

“मग ठरलंय काय?”

“फारसं काही नाही,” बाई मोकळेपणाने म्हणाल्या. “ठरलं असतं तर ठराव कशाला मांडला असता? निदान विचारायला सुरुवात करा, एवढंच म्हणणं. दुसऱ्या देशांतल्या प्रांतांतलेही बरेच आमदार हेच म्हणतायत. तुमच्यामाझ्यासारखेच, रस्ते-गटारं बघणारे.”

“त्यांना काय पडलंय याचं?”

“त्यांच्याही नद्या कुठून तरी येतच असतील की.”

वॉशर बसला, ठिबकणं थांबलं. मिस्त्रींनी हात पुसले आणि त्यांना एक इमारत आठवली, ती त्यांनी बाईंना सांगितली. एकाच मोठ्या नळावर सगळे मजले होते. पाणी कमी पडायला लागलं तसं एकाने गुपचूप मोटर लावली. मग वरच्याने त्याच्याहून मोठी लावली. मग प्रत्येकाने. ज्याची मोटर मोठी त्याला पाणी, आणि शेवटी सगळ्या मोटरी मिळून इतक्या जोरात ओढायला लागल्या की फुटक्या गटाराचं पाणी नळात आलं आणि लहानमोठे सगळे एकदमच आजारी पडले. तेव्हा कुठे त्यांनी प्रत्येक मजल्याचा एक माणूस घेऊन समिती केली आणि मोटरी उतरवल्या.

“मग सुरळीत झालं?”

“पाणी सुरळीत झालं. माणसं भांडतायत अजून. चिटणीस स्वतःच्या मजल्याला जास्त वेळ पाणी सोडायचा, त्याला काढावं लागलं.”

“इमारतीतल्या लोकांकडे बंदुका नव्हत्या, मिस्त्री.”

“नव्हत्या. लोखंडी पाने होते.” मिस्त्रींनी आपला पाना पिशवीत टाकला. पण बाईंचा मुद्दा त्यांना लागला. मोटर उतरवायला मजल्यावरच्या माणसाला कसं राजी करायचं ते त्यांना माहीत होतं. देशाला कसं करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. आणि गंमत म्हणजे माहीत नाही म्हटल्यावर मिस्त्रींचा उत्साह दुणावला.

त्यानंतर मिस्त्रींनी सगळ्यांचं डोकं खायला सुरुवात केली. विधानभवनाच्या ग्रंथालयात ते पहिल्यांदा गेले तेव्हा ग्रंथपालाने त्यांना मागच्या बाजूचा गळका नळ दाखवला. तो दुरुस्त करून त्यांनी पुस्तक मागितलं. उपाहारगृहातल्या आचाऱ्याला विचारलं, जगाच्या सरकारला मत द्यायचं झालं तर कोणाला देशील? तो म्हणाला, जो या स्वयंपाकघरात पंखा बसवेल त्याला. मिस्त्रींनी हेही मनात ठेवलं. लिफ्टवाल्याला ही कल्पना अजिबात पटली नाही. इथलेच आमदार वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत, तिथला तर दुर्बिणीतून बघावा लागेल, असं तो म्हणाला. मिस्त्रींना त्याचंही पटलं. खरं सांगायचं तर ज्याच्याशी बोलत त्याचं त्यांना थोडं थोडं पटत असे. पण प्रत्येकाशी बोलून झाल्यावर, आपण होय म्हणालो ते बरंच झालं, असंही त्यांना वाटायचं. का, ते धड सांगता येत नसे.

पुढचं अधिवेशन जवळ आलं तसा प्रतोदांनी पक्षाच्या सगळ्या आमदारांना बोलावलं. ठराव रद्द करायचा होता. त्याआधी प्रत्येकाने एका ओळीच्या निवेदनावर सही करायची होती: सदर ठरावास मी दिलेला होकार नजरचुकीने दिला गेला. सह्या झाल्या, चहा झाला, मंडळी पांगली. मिस्त्री पेन हातात धरून तसेच बसले.

“अडतंय कुठे?” प्रतोदांनी विचारलं.

मिस्त्रींची अडचण अशी, की त्या ओळीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. होकार नजरचुकीनेच दिला गेला होता. खोट्यावर सही करायची नाही म्हणून ताठ मानेने उठून जावं, तर तेवढीही सोय नव्हती. “साहेब, हे खरंच आहे. पण आता कोणी विचारलं, तर मी जाणूनबुजून होय म्हणेन. मग याच्यावर सही कशी करू?”

“इतक्या वर्षांत तुम्ही मला एक प्रश्न विचारला नाहीत. आणि विचारलात तो हा?” प्रतोद माणूस वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “वरून स्पष्ट सांगितलंय. सही नाही तर पुढच्या वेळी उमेदवारी नाही. तुमच्या गावचा दवाखाना आत्ता कुठे मार्गी लागतोय. घरी जा, ताईंशी बोला.”

ताईशी बोलायची वेळच आली नाही, कारण प्रतोदांनी तिला आधीच फोन केला होता. मिस्त्री घरी पोचले तेव्हा शिवणयंत्र बंद होतं, आणि भरदिवसा ते बंद असणं म्हणजे प्रकरण गंभीर.

“तुला जगाचं काय करायचंय रे?” ताईने विचारलं. “जगाने कधी तुला नळ दुरुस्त करायला बोलावलं?”

“ताई, ऐक तरी. मी आजवर ज्याला ज्याला होय म्हणालो, त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं.”

“मग काही बिघडलं का त्याने? रस्ता झाला, शाळेला छप्पर आलं. हा एक वाचलास आणि सगळं मातीत घालायला निघालास.”

“यातलं मला पटलंय.”

“सगळं?”

“सगळं नाही. निम्म्याची उत्तरं कोणाकडेच नाहीत.”

“निम्म्या उत्तरांसाठी तू माझा दवाखाना घालवणार.” ताईचा आवाज फुटला. “माझा तरी कशाला म्हणू? मला काय आता त्याचा उपयोग. ज्यांना कळा येणार आहेत त्या बायांना तूच जाऊन सांग, जगाचं सरकार येतंय, तोवर थांबा म्हणावं.”

तिचं खरं होतं आणि त्यांना तिच्याविषयी इतकी माया होती की त्याच क्षणी सही करून मोकळं व्हावं असं वाटलं. बायकोकडे त्यांनी आशेने बघितलं. “तुम्हा भावंडांच्या मध्ये मी पडणार नाही,” असं म्हणून ती आत गेली. ताई पुढचे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून निघून जायची.

अधिवेशनाच्या दिवशी मिस्त्री आपल्या जागेवर जाऊन बसले. सही केलेली नव्हती. पण नाही म्हणायचं असंही ठरलेलं नव्हतं. गप्प बसावं, प्रतोदांनी ते चालवून घ्यावं, उमेदवारीही राहावी आणि मनही राहावं, असा काहीतरी मधला मार्ग सकाळपासून त्यांच्या डोक्यात घोळत होता. त्यांनी तो अध्यक्ष बोलायला उभे राहीपर्यंत घोळवला. प्रतोदांनी या वेळी खबरदारी म्हणून दोन्ही हात बाकाखाली घेतले होते.

“ठराव रद्द करावा या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे.”

सभागृह शांत राहिलं. आधी मिस्त्रींनी म्हणायचं आणि मग आपण, ही सवय इतकी मुरलेली की सगळे त्यांच्याच आवाजाची वाट बघत बसले. मग कोणीतरी घसा खाकरला, दोघे म्हणाले, मागून चौघे म्हणाले, आणि वाटेत सांडत सांडत आल्यासारखं एक फाटकं होय अध्यक्षांपर्यंत पोचलं.

“विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावे.”

भूगोलबाई आपल्या जागेवरून नाही म्हणाल्या. तो लहानसा, एकटा आवाज मिस्त्रींनी ऐकला. सहाव्या मजल्यावर उभं राहून खालच्याला हाक मारावी तसं त्यांच्या पोटातून नाही निघालं, आणि निघाल्यावरच त्यांना कळलं की आपण म्हणालो.

आवाजावरून बहुमत ठरवायचं तर अध्यक्षांपुढे पेच होता, कारण मिस्त्रींचं एक नाही सगळ्यांच्या होयला पुरून उरलं होतं. विरोधक बाकं वाजवून हसत होते. प्रतोदांनीच उठून, आमदारांना उभं करून मोजणी करायची मागणी केली. मोजणी झाली. रद्द करायच्या बाजूने बाकंच्या बाकं उभी राहिली. विरुद्ध उभे राहायची वेळ आली तेव्हा भूगोलबाई, मिस्त्री, आणि सही केलेली असूनही मागच्या रांगेतले दोन तरुण आमदार, एवढेच उभे राहिले. ठराव रद्द झाला.

“मिस्त्री,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही कधी बोलला नाहीत. काही सांगायचं आहे का?”

मिस्त्री बाकाला धरून उठले. “मी होय म्हणालो ते चुकून म्हणालो, हे खरं आहे,” ते म्हणाले. “झोपेत होतो. मग लोकांनी विचारलं म्हणून वाचायला लागलो. मला सगळं कळलं नाही. फौजेचं कळलं नाही, मोठ्या देशांचं कसं करायचं ते कळलं नाही. पण आमच्या नदीचा अर्ज जिथे जाऊन पोचेल अशी एक जागा असावी आणि तिथे आम्ही मत देऊन बसवलेलं कोणी असावं, एवढं मला पटलं. ठराव तुम्ही रद्द केलात. माझं होय मी रद्द करत नाही.” आणि ते बसले. त्यांना वाटलं होतं कोणी तरी हसेल. कोणी हसलं नाही.

उमेदवारी गेली ती गेलीच. निवडणूक आली तेव्हा श्रेष्ठींनी मिस्त्रींचं नाव काढूसुद्धा दिलं नाही. पण प्रतोद पक्के होते. त्या गावात मतं कोण आणतं ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी उमेदवारी ताईला देऊ केली. ताईने एक दिवस विचार केला, शिवायला आलेले कपडे गिऱ्हाइकांना परत केले, आणि भावाला म्हणाली, चल माझ्याबरोबर. त्या घटकेपर्यंत ती त्याच्याशी तुटकच बोलत होती.

पक्षाच्या कचेरीत ताई आत गेली आणि मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद होतं. आत काय चाललं असेल याचा अंदाज त्यांना होता, तरी ते काचेतून दोनदा डोकावले. बऱ्याच वेळाने ताई बाहेर आली. चष्मा काढून डबीत घातला.

“सही केली,” ती म्हणाली.

“कशावर?”

“माहीत आहे तुला. त्या ठरावाशी माझा काही संबंध नाही म्हणून.”

मिस्त्रींना वाईट वाटलं, आणि ते त्यांना लपवता आलं नाही. “मला वाईट वाटतंय, ताई.”

“वाटू दे. मलाही वाटलं.” ती त्यांच्याकडे बघत नव्हती. “त्या बायांच्या पायी केली. आणखी दहा कागद ठेवले असते तरी केली असती.”

मग ताईने त्यांना बाकावर सरकायला सांगितलं आणि शेजारी बसली.

“ते लहान देशांच्या मतांचं काय म्हणत होती तुझी भूगोलबाई? जास्त वजन द्यायचं म्हणजे कसं? आणि ते ठरवणार कोण?”

“आत्ता तर सही केलीस संबंध नाही म्हणून.”

“संबंध नाही म्हणून केली. माहिती नको म्हणून नाही केली.” ताईने पदर सावरला. “उद्या सभागृहात जाऊन मीही न वाचताच होय म्हणत बसू का? सांग आता. नीट सांग, पहिल्यापासून.”

मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि समुद्र कोणाचा, इथून सुरुवात केली.